चारशे फुटांवरून

आमच्या घरात पायलट बायको आहे आणि मी तिचा हमाल. ही थट्टा नाही, आमच्या धंद्याची रीतच तशी आहे. ड्रोन सोनलच्या नावावर नोंदवलेला, परवाना सोनलचा, विमा सोनलने उतरवलेला. बॅटऱ्या उचलायच्या, खाली चटई अंथरायची, कुत्री हाकलायची आणि नवऱ्यामुलाच्या मामाला "काका, खाली उतरेपर्यंत हात लावू नका" म्हणून थोपवायचं, ही कामं माझी. डहाणूपासून तलासरीपर्यंत लग्नात ड्रोन उडवणारे शोधले तर ढीगभर सापडतील. बहुतेकजण दुपारी ड्रोन विकत घेतात आणि संध्याकाळी वरातीच्या डोक्यावर उडवतात. रीतसर शिकून, परीक्षा देऊन परवाना घेतलेली माझ्या माहितीत एकच, आणि ती नेमकी माझ्या नशिबी.

तिचाही इलाज नाही म्हणा. तिचे वडील, वासुदेवराव, वाणगावला स्टेशन मास्तर होते. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी ती. समोर रूळ मोकळा दिसत असला तरी सिग्नल लाल म्हणजे लाल, हे तिला दुधाबरोबर पाजलेलं. उडवण्याआधी ती दर वेळी फोनवर सरकारी नकाशा उघडते. हिरव्या भागात चारशे फुटांपर्यंत जा, पिवळ्यात विचारून जा, लालात जाऊच नका. शिवाय ड्रोन नजरेआड न्यायचा नाही, माणसांच्या गर्दीवर न्यायचा नाही. एका बिल्डरच्या मुलीच्या हळदीला तिने "खाली पाहुणे बसलेत, मी वरून नेणार नाही" म्हणून सांगितलं, तेव्हा त्या बिल्डरने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी बायकोला आवरू न शकणारा जगातला पहिलाच नवरा. पुढच्या मुलीच्या लग्नाला त्याने आम्हाला बोलावलं नाही.

आमच्या लाइटचं सामान जीवनच्या टेम्पोतून जातं. जीवन उधव्याच्या पुढचा, बेहडपाड्याचा. अकरा घरांचा पाडा, पाठीला डोंगर, पुढे गुरचरणीची जमीन. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारी माणसं, पण जमीन कागदावर सरकारची. ती आता एका कंपनीला गोदामांसाठी द्यायचं ठरलं होतं. नियम असा निघाला होता की सर्वेक्षणाच्या दिवशी तिथे जी वापरातली घरं आढळतील, त्यांना दुसरीकडे जागा आणि घर. जी आढळणार नाहीत त्यांना काही नाही. सुनावणी बुधवारी होती. जीवनने घरांचे मोबाइलवर काढलेले फोटो ऑफिसात नेले, तर तिथल्या क्लार्कने ते बाजूला सारले. झोपडी काय, कुठलीही असू शकते म्हणाला. रेशनकार्डावर गावाचं नाव असतं, घराचं नसतं. वरून काढलेला, जागेची खूण आणि तारीख असलेला फोटो आणा, मग बघू.

म्हणून आदल्या आठवड्यातल्या सोमवारी जीवन त्याच्या आईला, भिकीला घेऊन आमच्या घरी आला. भिकी दारातच बसली. सोनलने आत बोलावलं तरी "हितंच बरा वाटतंय बाय" म्हणून उंबऱ्याशीच टेकली. सोनलने नकाशा उघडला. पाडा हिरव्यात होता.

"शुक्रवारी सकाळी येते, मावशी," सोनल म्हणाली. "सगळी घरं एका फोटोत येतील."

"वरून कसा दिसं गं घर?"

"वरून छप्परच दिसतं. भिंती-अंगण थोडंसं, बाकी छप्परच."

भिकीने मान हलवली आणि मुलाकडे पाहिलं. त्या मान हलवण्यात काय शिजत होतं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. कळणार तरी कसं? आमच्या घरावर स्लॅब आहे.

पाड्यावरची घरं कुडाची, वर गवताचं छप्पर. दर वर्षी पावसाळ्यापूर्वी जुनं, धुराने काळं पडलेलं गवत काढून नवं घालतात. याला शाकारणी म्हणतात. एका दिवशी एकाचं घर, सगळा पाडा त्याच्या मदतीला. संध्याकाळपर्यंत घर झाकून होतं, दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं. म्हणजे कुठल्याही दिवशी बघा, पाड्यावर फार तर एक घर उघडं असायचं. पण यंदा फोटो होता. भिकीने पाड्यावर जाऊन सांगितलं, वरून छप्परच दिसतं. झालं. काळं छप्पर घेऊन साहेबासमोर कसं जायचं? आणि एकाचं नवं, दुसऱ्याचं जुनं दिसलं तर ज्याचं जुनं त्याला घर नाही मिळालं म्हणजे? भिकीचा नवरा हाल्या पाड्यातला थोरला. त्याने निवाडा दिला की सगळ्यांनी एकदमच काढायचं आणि एकदमच घालायचं, कोणी कोणापेक्षा कमी दिसायला नको. त्याच आठवड्यातल्या बुधवारी संध्याकाळपर्यंत अकराही घरांची छपरं उतरली. भांडी आणि गोधड्या आंब्याखाली गेल्या. गुरुवारी दिवसभर गवत घालायचं आणि शुक्रवारी सकाळी नटूनथटून उभं राहायचं, असा बेत होता.

गुरुवारी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा जीवनचा फोन आला.

"दादा, ताई आज कशा काय आल्या? तुम्ही तर उद्याचा बोललेले."

"कुठे आल्या? ताई इथे स्वयंपाकघरात आहे."

"मग वर ह्यो कोण फिरतंय? आम्ही समदी झाडाखाली जाऊन बसलोय. आई बोलली, छप्पर नाय, लुगडी नीट नेसली नाय, असा फोटू नको. बोलली ताईला सांग, उद्या ये."

अर्धी दाढी तशीच ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. सोनलने नकाशा उघडला आणि तिचा चेहरा उतरला. सोमवारी हिरवा असलेला तो सगळा तुकडा लाल झाला होता. वरून कोणीतरी तात्पुरती बंदी घातली होती. अशी बंदी एका वेळी चार दिवस टिकते. सर्वेक्षणाच्या काळात सुरक्षेसाठी, असं काहीतरी कारण लिहिलेलं होतं. म्हणजे गुरुवार ते रविवार त्या आभाळात कंपनीचाच ड्रोन, परवानगी घेऊन. बाकी कोणीही गेलं तर गुन्हा.

मला तेव्हा सगळं लख्ख दिसलं. नेहमी दिसतं असं नाही, पण त्या दिवशी दिसलं.

"सोनल, आत्ताच्या आत्ता निघू," मी म्हणालो. "छपरं उघडी असू देत. माणसं घरांपुढे उभी करू, गवताचे भारे दिसू देत, वाशांवर चढलेली पोरं दिसू देत. काम चालू आहे हे दिसलं पाहिजे. आणि आजच्या तारखेला दिसलं पाहिजे. त्यांच्या फोटोत नुसती उघडी कुडं येणार, माणूस एक नाही."

"लाल आहे, रोशन."

"दोन मिनिटांचं काम आहे. वर न्यायचा, दोन फोटो, खाली."

"दोन मिनिटं लाल तोडला तरी तो लालच तोडला. सुनावणीत पहिला प्रश्न हाच विचारतील, की तिथे बंदी असताना तुम्ही उडवलात कसा? बेकायदा फोटो म्हणून फेकून देतील, परवाना जाईल तो वेगळाच. बंदी सोमवारी उठते. सुनावणी बुधवारी आहे. सोमवारी सकाळी जाऊ. घरं कुठे पळून जाणार आहेत का?"

तिचं बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच मला राग आला. चुकीचं असतं तर भांडता आलं असतं. मी एकट्यानेही गेलो असतो, उडवायला मला येतं. पण ड्रोन तिच्या नावाचा आहे, पकडली तीच गेली असती. मग मी जीवनला फोन केला, तोवर वरचा ड्रोन निघूनही गेला होता. त्याला म्हटलं, मोबाइलवर फोटो काढ, सगळ्यांचे, गवतासकट, आणि जपून ठेव. बाकी काय करणार? पाड्यावरचं आभाळ नेमकं त्याच चार दिवसांसाठी दुसऱ्याला दिलं होतं.

सोमवारी सकाळी नकाशा पुन्हा हिरवा झाला आणि आम्ही निघालो. तलासरी मागे टाकून गाडी कच्च्या रस्त्याला लागली आणि वळणावरून पाडा दिसला. मी वीस वर्षं कॅमेरा हातात घेऊन फिरतोय, पण तसं दृश्य मला कोणी पैसे देऊनही दाखवलं नव्हतं. अकराच्या अकरा छपरं नवी, पिवळीधमक. अंगणं शेणाने सारवलेली. बायका लग्नात नेसायची लुगडी नेसून आपापल्या दारात उभ्या. हाल्याने पांढरा सदरा घातला होता, त्याच्या घड्या उलगडल्यासुद्धा नव्हत्या. पाहुण्यांसाठी करतात तसा काळा चहा झाला. सोनलने चहा घेतला, वारा पाहिला, बॅटरी पाहिली, पुन्हा एकदा नकाशा पाहिला आणि ड्रोन वर नेला.

भिकी तिच्या खांद्याशी उभी राहून पडद्यात डोकावत होती. आपलं घर तिला पटकन ओळखता आलं नाही. ओळखलं तेव्हा तोंडावर पदर धरून हसली.

"अजून वर ने ना बाय. वरून दर्या दिसते का?"

"नाही मावशी. चारशे फुटांच्या वर न्यायला परवानगी नाही. आणि तुमच्या पाठीला हा डोंगर आहे ना आडवा. चारशे फुटांवरून समुद्र नाही दिसत."

"मी कवा बघला नाय वरून," भिकी म्हणाली आणि पुन्हा पडद्यात बघायला लागली.

फोटो उत्तम आले. सोनलने त्यांच्यासोबत परवान्याची प्रत जोडली, ड्रोनचा नोंदणी क्रमांक लिहिला, उंची, वेळ, त्या दिवशीचा हिरवा नकाशासुद्धा छापून लावला. इतकी नीट फाइल मी आमच्या लग्नाच्या अल्बमचीही पाहिली नाही.

बुधवारी आम्ही चौघं सुनावणीला गेलो. मी, सोनल, जीवन आणि भिकी. अधिकारी वयाने तरुण, बोलायला गोड. त्यांनी सोनलची फाइल पानापानाने पाहिली आणि मनापासून म्हणाले, "वा! इतकं नियमानुसार काम आमच्यापुढे कोणी आणत नाही, मॅडम. सगळे कुठूनतरी उडवून आणतात." सोनलचे डोळे चमकले. मला वाटलं, जिंकलो.

मग त्यांनी कंपनीचा गुरुवारचा फोटो काढून तिच्या सोमवारच्या फोटोशेजारी ठेवला.

एकात अकरा उघडी कुडं, छप्पर नाही, माणूस नाही, चूल नाही. दुसऱ्यात अकरा नवीकोरी घरं आणि नवे कपडे घातलेली माणसं ओळीने उभी.

"सर्वेक्षणाची तारीख गुरुवार," साहेब म्हणाले. "त्या दिवशी जागेवर पडीक, छप्पर नसलेली बांधकामं, वस्ती नाही. सोमवारी अचानक अकरा घरं आणि एवढी माणसं. चार दिवसांत गवत टाकून घरं उभी केली, माणसं आणून उभी केली. दुसरी जागा मिळते म्हटल्यावर असं सगळीकडेच होतं, मी कोणाला दोष देत नाही. आणि फोटो खोटे आहेत असं तर मी म्हणूच शकत नाही. फोटो तर तुम्हीच आणलेत."

सोनल उभी राहिली. तिने शाकारणी सांगितली, सगळ्यांनी एकदम का काढली ते सांगितलं, गुरुवारी माणसं झाडाखाली का गेली ते सांगितलं. बोलता बोलता तिचा आवाज चढला. जीवनने मोबाइलवरचे गुरुवारचे फोटो पुढे केले. साहेबांनी ते न बघताच हात आडवा केला, "खालचे फोटो आपण धरत नाही." सोनलला ते म्हणाले, "मॅडम, तुमचं काम फोटोचं, ते तुम्ही चोख केलंत."

उंटावरून शेळ्या हाकणं आपल्याकडे पूर्वीपासून आहे. फक्त उंट आता उडायला लागला.

तेवढ्यात भिकी बोलली. तिला कोणी विचारलं नव्हतं. "साहेब, डोक्यावरचा पदर काढला म्हंजे डोकाच नाय का मग? छप्पर काढला तर घर कुठं जातंय? मी त्या घरात बाळंत झालंय. ह्यो जीवन त्याच घरातला."

साहेबांनी तिचं ऐकून घेतलं. अगदी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

आदेश आला तेव्हा त्यात सोनलचं नाव होतं. परवानाधारक पायलटने सर्व नियम पाळून घेतलेली छायाचित्रं विश्वासार्ह असून त्यांवरून ही बांधकामं सर्वेक्षणानंतरची असल्याचं स्पष्ट होतं, असं लिहिलेलं होतं. अकराही घरं अपात्र. कंपनीच्या फोटोने घरं पाडता आली नसती, हो, त्यावर कोणी आक्षेप घेतला असता, वकील भांडला असता. ती पाडली सोनलच्या फोटोने. तिने आदेश वाचला, त्याची घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. "म्हणजे मी बेकायदा उडवला असता तर?" एवढंच ती म्हणाली. मला म्हणायचं होतं की मी सांगत होतो. पण नवरा-बायकोत काही वाक्यं बोलून कोणाचंच भलं होत नाही. आणि खरं सांगायचं तर मी सांगितलं ते करूनही काही झालं असतं की नाही, कोणास ठाऊक. ज्याच्या हाती ससा तो पारधी.

घरं पाडायला मशीन आली त्या दिवशी आम्ही गेलो नाही. जीवनने सांगितलं, नवं गवत होतं म्हणून लोकांनी आधी ते उतरवून घेतलं, वाया नको जायला.

दिवाळीनंतर एक दिवस सोनलला फोन आला. माणूस सभ्य होता. कंपनीच्या कार्यक्रमाचं वरून चित्रीकरण करायचं होतं. "मॅडम, तालुक्यात परवाना असलेलं तुमचंच नाव मिळालं. आमच्या कंपनीत सगळं नियमाने लागतं."

"जागा कुठली?" सोनलने विचारलं.

त्याने सांगितली.

"तिथे उडवता येणार नाही. लाल आहे."

"नाही मॅडम, आम्ही बघितलंय. हिरवं आहे."

"माझ्याकडे लाल दाखवतोय," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिने नकाशा उघडलासुद्धा नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, सोनल नियमाबद्दल खोटं बोललेली मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. मी उठून चहा टाकला. तेवढंच सुचलं.

कार्यक्रम काही अडला नाही. वापीहून कोणी एकजण आला, त्याला परवाना विचारलासुद्धा नाही, आणि व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरायला लागला.

पुढच्या रविवारी आम्ही सायवनला गेलो. जीवनच्या सासुरवाडीच्या कडेला हाल्या-भिकीने बांबू आणि निळं प्लास्टिक घालून खोपट बांधलं होतं. भिकीने निरोप पाठवला होता की तो घराचा फोटू दे, नवा छप्पर असतानाचा. सोनलने तो मोठा करून काचेत लावून नेला होता. भिकीने तो मांडीवर घेतला, पदराने काच पुसली. एकेक घर बोटाने दाखवत त्यात राहणाऱ्यांची नावं घेतली. आता ते कुठे कुठे आहेत तेही सांगितलं. कोणी वीटभट्टीवर, कोणी वाडीवर राखणीला. "बेस दिसतंय," म्हणाली. "खोटा नाय वाटत."

मग जीवनने आपला मोबाइल पुढे केला. वापीवाल्याचा व्हिडिओ होता. खाली सपाट केलेली लाल माती, मंडप, गाड्या. पाडा कुठे होता ते फक्त आंब्यावरून कळत होतं. मग ड्रोन वर गेला, आणखी वर गेला, डोंगराच्याही वर. डोंगरापलीकडे चिकूच्या वाड्या दिसल्या आणि त्यांच्यापलीकडे चमकणारी समुद्राची लांब रेघ.

भिकीने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग सोनलकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं.

"दिसते की गं बाय दर्या, आमच्या घरावरून. तू तर बोललीस, दिसत नाय."

सोनलने तोंड उघडलं. चारशे फूट, परवानगी, नियम, सगळं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग तिने भिकीच्या मांडीवरचा फोटो पडेल म्हणून हाताने धरून ठेवला.